दुसरा पाय

आठव्या गुरुवारी माझी बायको गेली. तिच्या आजारासाठी मी बाळ येशूचा नोव्हेना, म्हणजे नऊ गुरुवारांच्या प्रार्थनेचा नेम, धरला होता आणि तोवर एकही गुरुवार चुकवला नव्हता. नववा मी केला नाही. त्यानंतर दोन वर्षे चर्चची पायरी चढलो नाही. सांत्वनाला येणाऱ्यांपैकी कोणी ‘देवाची इच्छा’ म्हणाले की मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत जात असे. विश्वास उडाला होता, असे मात्र म्हणता येणार नाही. जो नाहीच, त्याच्यावर कोणी इतका राग धरत नाही.

मी सातपूरला एका छोट्या कारखान्यात लेथ चालवतो. मधुमेह बारा वर्षांपासून आहे. आधी तळव्यांना मुंग्या यायच्या, पुढे त्या थांबल्या, आणि मी समजलो की पाय सुधारले. डॉक्टरांनी उलटे सांगितले. पायांची जाणीव गेली आहे, जखम झाली तरी कळणार नाही, दुर्लक्ष केले तर पाय गमवाल; रोज घरातल्या कोणाकडून तरी तळवे तपासून घ्या. घरात मी आणि मुलगी स्टेला, दोघेच. ती रोज संध्याकाळी म्हणायची, “पप्पा, पाय दाखवा.” मी म्हणायचो, “माझे पाय मी बघतो.” खरे तर मी बघत नव्हतो. मुलीने खाली बसून बापाचे तळवे चाचपावेत, हे मला सहन होत नव्हते.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने शिष्यांचे धुतले, त्याची ही आठवण. त्या वर्षीच्या यादीत स्टेलाने मला न विचारता माझे नाव दिले. आमच्या इंदिरानगरच्या घरी अंतोन सांगायला आला. चर्चमधली अशी सगळी कामे तोच बघतो.

“भाऊ, उजवा पाय पुढे करायचा. स्वच्छ घासून या, नखं काढा. गेल्या वर्षी एकाच्या मोज्यांनी पहिली रांग उठवली होती.”

“मी धुऊन आलो तर फादर काय धुणार?”

“अहो, ते प्रतीक असतं.”

“मग प्रतीकालाच बसवा खुर्चीवर. मी कामावरून येणार, तसाच.”

“फादरही नवीन आहेत या वेळी. हरसूलकडच्या पाड्यांवरून आलेत, म्हातारे आहेत. त्यांच्यासमोर शोभा नको.”

आमच्याकडे हे असेच चालते. ज्यांचे पाय धुवायचे ते सकाळपासून पाय घासतात, कोणी टाचांना तेल लावतो, कोणी नवे मोजे घालतो. फादर स्वच्छ पायांवर तांब्याभर पाणी सोडतात, टॉवेल टेकवतात आणि पुढे सरकतात. मी मुद्दाम ठरवले. ज्याने माझे आठ गुरुवार ऐकले नाहीत, त्याच्यासमोर पाय घासून जाणार नाही. धुवायचेच असतील तर खरोखर धुवावे लागतील.

पाळी संपवून मी थेट चर्चमध्ये गेलो. माझी खुर्ची सातवी होती. उजवा बूट आणि मोजा काढला. मशीनचे ऑइल झिरपून पाय घोट्यापर्यंत काळा झाला होता. मागे कोणीतरी हसले. अंतोनने कपाळाला हात लावला. म्हातारे फादर गुडघ्यांवर बसले, त्यांनी पायाखाली परात सरकवून तांब्या ओतला. काळे काहीच गेले नाही. त्यांनी साबण मागवला. वेदीजवळ साबण कुठून असणार? हात धुण्याच्या बेसिनवरची वडी आणेपर्यंत गायकांनी पाय धुण्याच्या वेळचे गाणे दोनदा म्हटले. फादरांनी बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवत पाय घासला. माझा राग तिथेच अडला. पाय मागे घ्यावासा वाटला. प्रभू पाय धुऊ लागला तेव्हा त्याच्या पेत्र या शिष्यालाही तेच वाटले होते.

पाय पुसून झाल्यावर ते म्हणाले, “दुसरा दे.”

“एकच असतो, फादर.”

“तुला पाय किती?”

“दोन.”

“मग दे की. एवढा एकच मळलाय होय?”

मी डावा बूट काढला. मोजा तळव्याला चिकटला होता. त्यांनी तो पाणी टाकून भिजवला आणि हळूच सोडवला. परातीतले पाणी लाल झाले. मला काहीही जाणवत नव्हते. त्यांनी पाय वर उचलून दिव्याकडे धरला. तळव्यात लेथवरच्या लोखंडी किसाचा वळलेला तुकडा रुतला होता आणि करंगळीच्या बाजूचे मांस काळपट झाले होते.

“दुखतंय का?”

“नाही.”

“तेच वाईट. तिकडं अनवाणी पायांच्या लय जखमा बघितल्यात मी.” त्यांनी खांद्यावरचा टॉवेल जखमेभोवती बांधला, रिवाजाप्रमाणे वाकून दोन्ही पायांचे चुंबन घेतले आणि धावत पुढे आलेल्या स्टेलाला सांगितले. “बाई, मिस्सा संपायची वाट बघू नको. आत्ताच ने यांना.” मग ते आठव्या खुर्चीकडे सरकले.

हॉस्पिटलात करंगळी काढावी लागली. पाय वाचला. आणखी चार दिवस गेले असते तर घोट्यापासून कापावा लागला असता, असे डॉक्टरांनी सांगितले. मी पाय घासून गेलो असतो तर फादरांनी दुसरा मागितला नसता. यादीत नाव नसते तर मी गेलोच नसतो. नोव्हेनाचा नववा गुरुवार राहिला होता, हे मला वॉर्डात पडल्यावर आठवले. मी या गोष्टी फक्त नोंदवतो आहे. त्या जोडून दाखवण्याचा माझा आग्रह नाही.

बायको का गेली, याचे उत्तर मला मिळालेले नाही. तो प्रश्न मी मागे घेतलेला नाही आणि घेणारही नाही. पण आता तो मी चर्चमध्ये बसून विचारतो. दर रविवारी जातो. इतकी वर्षे मला वाटत होते की शरण जाणे म्हणजे गप्प बसणे. त्या संध्याकाळी कळले की भांडता भांडताही पाय दुसऱ्याच्या हातात देता येतो. त्या हातांबद्दल मी कृतज्ञ आहे.

रोज संध्याकाळी स्टेला परात घेऊन खाली बसते. मी उजवा पाय पुढे करतो. ती तो पुसते, बेचके तपासते आणि मान वर न करता म्हणते, “दुसरा.” मी देतो.

परवा अंतोन पुन्हा यादी घेऊन आला. “भाऊ, या वर्षी तरी धुऊन या.”

नाही म्हणालो. पाय जसे असतील तसे घेऊन येईन. दोन्ही.