पावसाआधीची तयारी

३० जुलै, गुरुवार. सकाळी भुरभुर, दुपारी उघडीप, वारा पडलेला.

तेलंगणातल्या गुडीहत्नूरची आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजकी चार घरं. रविवारी एका पत्र्याच्या खोलीत उपासना होते. इतक्या थोड्या माणसांत इतके किस्से कसे साठतात, याचं मला नवल वाटतं. ख्रिस्ती माणसाला उद्याची भीती नसते म्हणतात. आमच्याकडे ती प्रत्येकाने नीट दडवून ठेवलेली असते आणि नेमकी चारचौघांत बाहेर पडते. आधी हसू येतं, मग मान खाली जाते. यंदाचे किस्से तसलेच, आणि सगळे रूथमावशींच्या भोवतीचे.

मावशी विधवा. वांगी-मिरची पिकवतात, आठवडी बाजारात बसतात. होळीनंतर त्यांचं पोट दुखायला लागलं आणि डॉक्टरने गाठ सांगितली.

*

पहिला किस्सा प्रभाकरभाऊंचा. सरकारी बस चालवण्यात त्यांचा जन्म गेला, आता रिटायर. उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगायला, उभे राहिले की त्यांचं वाक्य ठरलेलं, "आयुष्याची गाडी प्रभू चालवते! आपन मागं निवांत बसाचं!"

मावशींना तपासायला आदिलाबादला न्यायचं होतं. गाडी पास्टरची. पास्टर तेलुगू घरातले, मराठी चांगली बोलतात, पण घाबरले की "अय्यो" निघतं. प्रभाकरभाऊ त्यांच्या शेजारी बसले. हायवेवर समोर ट्रक दिसला की भाऊंचा उजवा पाय दाणकन खाली!

"दाबा, पास्टर, दाबा!"

"अय्यो, दाबलाय!"

मावशी पोट धरून मागे बसलेल्या. तिथून म्हणाल्या, "भाऊ, गाडी प्रभू चालवते म्हनता, मंग ब्रेक तुमच्या पायात काऊन?"

*

गाठीचा तुकडा तपासायला नागपूरला गेला. पास्टरना फार खात्री. "रिपोर्ट चांगलाच येणार, अम्मा! आपण ॲडव्हान्समध्येच आभार मानू!"

मानले. गाणी झाली, टाळ्या झाल्या. माझ्या बायकोने, शांताने, मोठं पातेलंभर शिरा केला. तो ताटल्यांत वाढला आणि पास्टरच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. कॅन्सर.

शिऱ्याचं काय करायचं ते कोणाला कळेना. पास्टरचा चमचा हवेत. माझ्या तोंडातला घास ना आत जाई ना बाहेर येई.

मावशींनी सगळ्यांकडे पाहिलं. "खा ना! आभार मानून झाले ना? आता काय वापस घेता?"

आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच खाल्लं.

*

हा माझा. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, आणि मंडळीचा सेक्रेटरी मीच. मावशींना भेटायला गेलो की म्हणायचो, "काळजी करू नका. प्रभू आहे." एकदा निघताना म्हणालो, "मावशी, एक फोटो काढून ठेवू. दवाखान्यात लागतो."

त्यांनी केस विंचरले, ठेवणीतलं पातळ नेसल्या, भिंतीला टेकून बसल्या.

"हसू का?"

"हसा ना."

मी मोबाइल वर धरला. तेव्हा त्या म्हणाल्या, "शामू, जवळून काढ बरं. मोठा करून भिंतीवर लावतीन तवा मागच्या लोकाईले दिसला पायजे."

फोटो हलला.

*

पुढचं सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

आमची दफनभूमी ओढ्याकडेला, काळ्या मातीत. गेल्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्याला पुरताना खड्ड्यात पाणी भरत राहिलं. आम्ही बादल्यांनी उपसत होतो, गाणारे भिजत होते आणि शवपेटी काठावर थांबली होती. ती धास्ती मनातून गेली नव्हती.

जूनच्या सुरुवातीला मावशी नागपूरला ॲडमिट झाल्या. ऑपरेशन अवघड आहे, असं डॉक्टरांनी पास्टरना फोनवर सांगितलं. त्या रविवारी पास्टर आशेवर बोलले. असं बोलले की सगळी खोली रडली. बाहेर ढग आले होते. चपला घालताना प्रभाकरभाऊ हळूच म्हणाले, "पाऊस लागला का मंग खोदनं मुश्कील हाय."

काय खोदणं, असं कोणीही विचारलं नाही!

पास्टर जरा वेळाने म्हणाले, "विश्वास वेगळा, व्यवस्था वेगळी."

मी म्हणालो, "शेजारच्या वावरात खोदायचं मशीन आलंय."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं मशीन घेऊन गेलो. मावशींच्या नवऱ्याच्या कबरीशेजारची जागा दाखवली. ऑपरेटर परप्रांतीय पोरगा. खोदता खोदता त्याने विचारलं, "बॉडी कब आएगी?"

"अभी पता नहीं," मी म्हणालो.

"कब गुजरे?"

"गुजरे नहीं. नागपूर में इलाज चल रहा है."

त्याने इंजिन बंद केलं. आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आप लोग दुश्मन हो क्या उनके?"

"नहीं, नहीं," पास्टर घाईने म्हणाले, "हम उनके लिए प्रार्थना करते हैं!"

खड्ड्यावर आम्ही पत्रे टाकले. ही गोष्ट आम्ही घरी कोणाला सांगितली नाही.

*

मावशी जुलैत परत आल्या. नागपूरच्या भाचीने बसमध्ये बसवून दिलं होतं. स्टँडवर स्वतःची पिशवी स्वतः घेऊन उतरल्या. गाठ काढली होती. परत होणार नाही याची खात्री डॉक्टर देत नव्हते. सहा महिन्यांनी बघू, म्हणाले होते.

रविवारी उपासना सुटल्यावर त्या म्हणाल्या, "आता आमच्या ह्याईच्या कबरीवर जाऊन येतो."

"चिखल आहे, मावशी," मी म्हणालो.

"साप निंगून राह्यले तिकडं," प्रभाकरभाऊ म्हणाले.

"अम्मा, आराम! आराम पाहिजे तुम्हाला!" पास्टर म्हणाले.

त्या चालायला लागल्या. आम्ही मागे मागे.

वाऱ्याने पत्रे सरकले होते. खड्ड्यात पाणी साचलेलं, त्यात बेडूक. मावशींचा हात छातीवर गेला.

"कोन गेलं?"

मी सरकलेला पत्रा ओढून नीट करायला लागलो.

"शामू, शांता बरी हाय ना? आज दिसली नाई ते."

"माहेरी गेलीय. बरी आहे."

"मंग कोन? भाऊ, तुमच्या घरचं? सांगा ना! मले दवाखान्यात काऊन नाई कळवलं?"

पास्टर स्वतःच्या चिखलाच्या बुटांकडे बघत होते. मावशी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग नवऱ्याच्या कबरीकडे पाहिलं. मग खड्ड्याकडे. परत कबरीकडे.

आणि मटकन खाली बसल्या. आम्ही तिघं धावलो. त्या पोटावर दोन्ही हात दाबून हसत होत्या.

"दूर व्हा रे, हसवू नका, टाके तुटतीन माये!" डोळ्यांतून पाणी येत होतं. "अन् एवढा लांब? मी कुठं एवढी उंच हाय?"

प्रभाकरभाऊ लहान पोरासारखे रडायला लागले. "चुकलं, बाई, चुकलं आमचं."

मावशींनी पदराने तोंड पुसलं. "कशानं खोदला?"

"मशीननं."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी नवऱ्याच्या कबरीवर हात ठेवला.

"बुजवून टाका," त्या म्हणाल्या. "मले लागन तवा परत खोदजा. पन हातानं खोदजा."

गेल्या आठवड्यात मंगळवारी आम्ही तिघांनी पाणी उपसून फावड्यांनी खड्डा बुजवला. सकाळी लागलो, दुपारी चार वाजता संपलं. शनिवारी मावशी परत बाजारात बसल्या. पुढची तपासणी जानेवारीत आहे.