आमची टू-टू आणि नामदेवचा नेम

रायफल शिकवायची म्हटली की माणसाचं डोकं फिरायला वेगळं कारण लागत नाही. मी डोणगावच्या शाळेत ड्रिल मास्तर. चीनच्या लढाईनंतर गावोगाव रायफल क्लब निघाले, तसा आमचाही निघाला, आणि त्याची जबाबदारी पडली माझ्या गळ्यात. तेव्हापासूनचे वैताग सांगायला बसलो तर चहाच्या तीन फेऱ्या होतील. तरी ऐका!

क्लबला मिळाली पॉइंट टू-टूची एकच रायफल, तीही सगळ्यात स्वस्तातली. नेम धरा मधोमध, गोळी जाणार चार बोटं डावीकडं. मला तिच्याकडून मॅचचा नेम हवा होता. चार आण्याच्या पावलीखाली झाकतील अशा दहा गोळ्या! लोक हसायचे.

आमचा सगळ्यात बरा नेमबाज नामदेव. वांगी-टमाट्याचा मळा, तोंडात कायम तंबाखू. त्यानं पहिल्याच आठवड्यात तोडगा काढला. काळ्या ठिपक्याच्या चार बोटं उजवीकडं धरायचं, म्हणजे गोळी बरोबर ठिपक्यात.

मी म्हटलं, "अबे, रायफल दुरुस्त करायची सोडून तू स्वतःच वाकडा झाला?"

"मास्तर, बैल वढाय असला त आपुन कासरा वढून धरतोच ना! बैलाले कोन दुरुस्त करते?"

मी कपाळाला हात लावला.

*

आमची रेंज नाल्यात, मातीच्या दरडीसमोर. वरून बाजाराची वाट. मी शिकवलं होतं, श्वास रोखायचा, अंग हलू द्यायचं नाही, घोडा हळू दाबायचा. नामदेव पोटावर झोपला, श्वास रोखला, घोडा अर्धा दाबला, तोच वाटेवरून आवाज आला, "राम राम, नामदेवभाऊ!"

"राम राम, काकाजी! पोरगी आली का सासरून?"

आणि फाट्! गोळी दरडीच्या वरून कुठं गेली देव जाणे. मी ओरडलो तर उलट मलाच म्हणतो, "वडीलधारं मानूस हाय मास्तर, जबाब नाई देल्ला त बरं दिसते का?"

त्या दिवसापासून बाजारच्या दिवशी रेंज बंद. आणि वाटेवर एक माणूस उभा केला, लोकांना थांबवायला.

*

स्वस्त गोळ्यांची आणखी एक कटकट. एक जड, एक हलकी, म्हणून एक वर तर एक खाली. मला वाटलं, वजनाप्रमाणे वेगळ्या करू. गुलाबराव सोनार क्लबचे मेंबर, त्यांच्याकडं सोन्याचा काटा. सगळ्या पेट्या त्यांच्या हवाली केल्या.

त्यांनी सुरेख पुड्या बांधून आणल्या. मी एक उघडली. प्रत्येक गोळीचं नाक एका बाजूनं चपटं!

"गुलाबराव, हे काय केलं हो?"

"काई नाई मास्तर, वजन झाल्यावर हातासरशी कसोटीवर घासून पाह्यल्या. तुमाले सांगतो, निरा खोटा माल हाय. शिसं हाय शिसं!"

वर्षभराचा कोटा होता हो तो! मला रडूच यायचं बाकी राहिलं.

*

दसऱ्याला रायफलीची पूजा झाली. मी नेमका गावाला गेलो होतो. आलो तर माशीवर, म्हणजे पुढच्या नेमाच्या टोकावर, हळदीकुंकवाचा हरभऱ्याएवढा गोळा. नळीत डोकावलो तर पलीकडचं काही दिसेना. गजानं ढकललं तेव्हा आपट्याचं पान बाहेर आलं, आणि त्यामागून तिळाचं तेल.

"नामदेव, काऊन बे हे?"

"शस्त्राले सोनं द्या लागते ना मास्तर. वरून ठेवलं असतं त उडून गेलं असतं."

*

शेवटी मी एकटाच बसलो. दोन सुट्ट्या घालवल्या तेव्हा कळलं की लाकडी दस्ता पावसात फुगून उजवीकडून नळीला दाबतो आहे. काचेच्या तुकड्यानं लाकूड खरवडलं. नळी आणि लाकडामधून कागद सरकला तेव्हा सोडलं. माशी केसभर डावीकडं सरकवली. मग झोपून नव्या कोट्यातल्या दहा गोळ्या मारल्या आणि वर पावली ठेवली. दहाच्या दहा झाकल्या! मी एकटाच नाल्यात नाचलो, लाज कसली त्यात.

जिल्ह्याची मॅच आठवड्यावर आली होती. नामदेवला सरळ धरायला लावलं. कुरकुरला, पण दोन दिवसांत त्याच्याही पावलीखाली आल्या.

मॅचच्या सकाळी बुलढाण्याला जिल्ह्यातल्या सगळ्या क्लबांवर देखरेख करणारे साहेब भेटले. ते स्वतःही मॅचमध्ये उतरणार होते. रायफल हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्या रायफलीबद्दल फार ऐकलं. आज बघतो. खरंच चांगली मारत असेल तर मुख्यालयाच्या टीमला इथंच ठेवून घेतो. भंगार असेल तर न्या परत."

चांगली मारली तर रायफल जाणार, वाईट मारली तर नाक जाणार! नामदेव शेजारीच तंबाखू मळत उभा होता. मी त्याला बाजूला घेतलं. "जाऊ दे रायफल गेली तर. पण माझी मेहनत दिसली पाहिजे. सरळ धर."

"हाव मास्तर."

नामदेव आणि साहेब शेजारी शेजारी झोपले. दहा-दहा गोळ्या झाल्या. कार्डं आणली. आमचं कार्ड कोरं करकरीत! साहेबांच्या कार्डावर पेरल्यासारखी इकडंतिकडं दहा भोकं, आणि मधोमध पावलीएवढा गुच्छ.

पंचांनी विचारलं, "हा मधला कोणाचा?"

साहेबांनी क्षणभर कार्डाकडं पाहिलं. "माझाच."

"हाव, सायबाचाच हाय," नामदेव म्हणाला.

साहेबांना शील्ड मिळाली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, हे भंगार न्या बुवा परत."

एस.टी.त बसल्या बसल्या मी नामदेववर तुटून पडलो. "वर्षाची माती केली बे माझ्या! त्याच्या कार्डावर काऊन मारलं?"

"जुनी आदत हाय मास्तर. हात आपोआप सरकते."

चिखली जाईपर्यंत मी त्याला शिव्या घालत होतो. मेहकर यायला लागलं आणि एकदम माझ्या डोक्यात आलं. अरे, याची आदत तर उजवीकडं धरायची होती. आणि साहेबांचं कार्ड होतं डावीकडं!

मी वळून पाहिलं. नामदेव रायफल मांडीवर घेऊन घोरत होता.