येडशीचा डबल बेस

वाद्यवृंदात जायचं मी ठरवलं, तेव्हा घरात पहिली अडचण आली ती एका शब्दाची. सकाळच्या चहाला मी सांगून टाकलं, "दर रविवारी धाराशिवला जाईन म्हणते. तिथं एक ऑर्केस्ट्रा सुरू झालाय. त्यात मी व्हायोलिन वाजवणार आहे."

सासूबाईंच्या हातातली बशी ओठापाशीच थांबली. त्यांना मी आत्या म्हणते; आमच्याकडं सासूला असंच म्हणतात.

"आर्केस्ट्रात? जत्रंत येतोय त्यो?"

त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या भागात ऑर्केस्ट्रा म्हणजे मैदानात घातलेला मांडव, रंगीत दिवे, सिनेमाची गाणी, त्यावर नाचणाऱ्या मुली आणि पुढं बसलेल्यांच्या शिट्ट्या. शाळेत विज्ञान शिकवणारी सून त्यात काय करणार, हा त्यांना पडलेला प्रश्न रास्तच होता.

"तसला नाही हो आत्या. यात कुणी गात नाही, नाचत नाही. सगळेजण खुर्च्यांवर बसून नुसती वाद्यं वाजवतात."

"मंग बगायला कोन येनार?" आत्या म्हणाल्या आणि चहा प्यायला लागल्या. परवानगी मिळाली असं मी धरून चालले. आमचे हे गालातल्या गालात हसत होते.

व्हायोलिन मी लहानपणी सोलापुरात शिकले होते. लग्नानंतर त्याची पेटी येडशीच्या घरात माळ्यावर गेली आणि तिथंच राहिली. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की धाराशिवात लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक मास्तर वाद्यवृंद जमवतायत, त्यांना तारवाद्यं वाजवणारी माणसं हवीत. मी पेटी खाली काढली. वाजवायच्या गजाचे केस झडून गेले होते, एक तार तुटलेली होती. पण हनुवटी टेकवली आणि इतकी वर्षं मी काय करत होते, असं झालं.

मास्तर उंच, काटक, आवाज खणखणीत. त्यांनी लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारे गोळा केले होते. कॉलेजची काही मुलंमुली होती, पोस्टातले एक बासरीवाले होते. आणि कोपऱ्यात उभा असायचा डबल बेस, माणसाहून उंच. व्हायोलिनचाच आकार, पण उभं राहून, मिठी मारल्यासारखं धरून वाजवायचं वाद्य. मास्तरांनी तो पुण्याच्या एका जुन्या दुकानातून आणला होता. बँडवाल्यांना कागदावरचे स्वर वाचता येत नव्हते आणि आम्हाला एकमेकांचं ऐकायचं कळत नव्हतं. तरी रविवारमागून रविवार घासत राहिलो आणि एकदाचा पहिला कार्यक्रम ठरला.

तो कार्यक्रम आठवला की अजून कान गरम होतात. धाराशिवातला हॉल बऱ्यापैकी भरला होता, पण लोक आले होते ते 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाला भुलून. आम्ही पांढरे कपडे घालून ओळीनं बसलो, मास्तरांनी हात वर केला, आणि युरोपातली एक जुनी, संथ रचना सुरू झाली. थोडा वेळ शांतता. मग मागून आवाज आला, "गाणारी बाई कुठंय?" दुसरा म्हणाला, "माईक चालू करा की!" खुर्च्या सरकायला लागल्या. तिसरी रचना संपली तेव्हा हॉलमध्ये उरले होते आमचे घरचे आणि पंख्याखाली झोपी गेलेले एक म्हातारबाबा. मास्तरांनी शेवटपर्यंत तितक्याच निष्ठेनं हात हलवला. उरलेल्या लोकांना वाकून नमस्कार केला.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. शेजारी आत्या. त्या पूर्ण कार्यक्रम बसून होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "ते मोठं वाजवत हुता ना पोरगा, त्याला हात लावू देतेत का कुनाला?"

"कशाला?"

"आवाज प्वाटात शिरतोय गं त्याचा. कानात न्हाय, प्वाटात. मला एकदा हात लावून बघायचाय."

 भरल्या हॉलमधून लोक उठून गेले होते आणि आत्यांना त्या वाद्याला हात लावायचा होता. पुढच्या रविवारी मी हे मास्तरांना सांगितलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "आपण लोकांना समोर बसवलं आणि ऐका म्हणालो. वाद्य काय असतं हे त्यांना दाखवलंच नाही. चला, आपणच जाऊ त्यांच्याकडं."

त्यातून वर्ग सुरू झाले. पहिला येडशीच्या शाळेत. टेम्पोत वाद्यं घातली, सतरंज्या अंथरल्या. मास्तरांनी भाषण केलंच नाही. एवढंच म्हणाले, "ज्याला जे आवडंल त्याला हात लावा. मोडलं तर आम्ही बघू." आधी कुणी पुढं येईना. आत्या उठल्या, पदर खोचला आणि थेट डबल बेसपाशी गेल्या. मास्तरांनी त्यांच्या खांद्याला वाद्य टेकवलं, बोट तारेवर ठेवून दिलं. आत्यांनी तार ओढली. साऱ्या वर्गात तो आवाज घुमला. आत्या दचकल्या आणि मग तोंडभर हसल्या. शेतात आयुष्य गेलेल्या त्या बोटांना तारेचा जाच जाणवलाही नाही. त्यानंतर वाद्यांभोवती अशी झुंबड उडाली की आम्हाला संध्याकाळपर्यंत निघता येईना.

पुढं धाराशिवात वर्ग झाले, परंड्याकडं सोनारीतही झाले. कुणी व्हायोलिन धरलं, कुणी क्लॅरिनेट. बँडवाल्यांना गावोगाव लोक 'सर' म्हणायला लागले, तेव्हा त्यांची चालण्याची ढबच बदलली. आणि डबल बेस वाजवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर ते वाद्य आमच्या घरी आलं. मधल्या खोलीत, धान्याच्या कणगीशेजारी. रोज आत्या त्यावर हात बसवायच्या आणि रविवारी ते टेम्पोतून तालमीला जायचं.

शेजारच्या बायका दारातून डोकावून विचारायच्या, "ह्या वयात काय काढलंय ओ हे?" आत्या तार ओढत म्हणायच्या, "वय काय वाजवतंय व्हय? म्या वाजवतेय."

मास्तरांनी शिकाऊ लोकांसाठी एक रचना बांधली. चाल आपल्याकडच्या जात्यावरच्या ओवीची, पण प्रत्येक वाद्याला पेलेल एवढाच भाग. आत्यांना मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या तारांचे फक्त खालचे सूर होते. सोपं वाटतं, पण अवघड होतं ते थांबणं. मध्ये एक जागा अशी होती की सगळी वाद्यं एकदम गप्प होतात, आणि मग पुन्हा सगळ्यांनी एकदम सूर उचलायचा. एका तालमीला त्या शांततेत आत्यांचा सूर आधीच पडला. एकटा, दणदणीत. कुणीतरी फस्सकन हसलं. आत्यांनी वाद्य अलगद भिंतीला टेकवलं, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

घरी आल्यावर म्हणाल्या, "म्या न्हाय येनार आता. माझ्यापायी तुमचं सगळ्यांचं नासंल."

मी समजावलं, यांनी समजावलं. उपयोग झाला नाही. पुढचा रविवार मी एकटीच गेले. त्याच्या पुढचाही. घरात डबल बेसवर चादर पांघरलेली असायची आणि जाता-येता मला ती बघवायची नाही.

एका संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या आणि मी बाहेर माझा भाग वाजवत होते. वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की भाकरीचा आवाज माझ्याबरोबर चाललाय. मी लय वाढवली, थापणं वाढलं. ती गप्प होण्याची जागा आली. मी गज उचलला. आतला आवाजही थांबला. मी मुद्दामच जरा जास्त थांबले. आत शांतता. मी पुन्हा सूर लावला आणि त्याच क्षणाला आत थाप पडली.

मी व्हायोलिन हातात घेऊनच आत गेले. "आत्या, तुम्ही आत्ता बरोब्बर थांबलात."

"कुठं?"

"भाकरी थापताना. मी सूर उचलला तेव्हाच थाप टाकलीत."

"ते व्हय? तू श्वास घेतीस की गं आधी. ऐकू येतोय मला."

"मग तिथंही तेवढंच करायचं."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.  जेवणं झाल्यावर डबल बेसवरची चादर काढून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "घे. पुन्यांदा वाजव." मास्तरांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझी खुर्ची हलवली आणि आत्यांना माझ्या मागंच उभं केलं. आमच्या तालमी पुन्हा सुरू झाल्या. आता उलट मला जपून श्वास घ्यावा लागायचा.

दुसरा मोठा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये झाला. दुपारपासूनच सोनारीहून, येडशीहून गाड्या भरभरून लोक यायला लागले. शिकणाऱ्यांचे घरचे, शेजारी, भावकी. खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले, दारात दाटी झाली. आत्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मंचावर येताना डबल बेस त्यांनी कुणाला धरू दिला नाही.

पहिल्या भागात आम्ही तीच जुनी, संथ रचना वाजवली, जिच्यापासून मागच्या वेळी हॉल रिकामा व्हायला लागला होता. या वेळी कुणी हललं नाही. कोण कुठं वाजवतंय, कुठल्या वाद्यातून काय निघतंय हे आता लोकांना ठाऊक होतं. आपापला माणूस वाजवायला लागला की बोटं दाखवून एकमेकांना खुणावत होते.

मग मंच शिकाऊ लोकांनी भरला. मास्तरांनी हात वर केला. क्लॅरिनेटनं ओवीची चाल उचलली, आमची व्हायोलिनं त्यात शिरली आणि मागून आत्यांचा खालचा सूर लागला. तो माझ्या पाठीतून आत शिरला. ती जागा जवळ आली. सगळे थांबलो. एवढा भरलेला हॉल, पण पंख्याशिवाय आवाज नाही. मी श्वास घेतला. आणि आम्ही सगळ्यांनी एकदम सूर उचलला. आत्यांचा सूर आमच्या पायाखालच्या जमिनीसारखा, पक्का, अगदी जागच्या जागी.

शेवटचा सूर विरायच्या आत लोक उभे राहिले होते. टाळ्या, आरोळ्या, "पुन्हा! पुन्हा!" मास्तर वळून आमच्याकडं बघत होते आणि त्यांचे डोळे भरून वाहत होते. आम्ही ती रचना पुन्हा वाजवली, पहिल्यापेक्षाही जोरात. मागं वळून पाहिलं तर आत्या वाद्याला मिठी मारून उभ्या, घामानं डबडबलेल्या, आणि समोरच्या गर्दीकडं अशा बघत होत्या की जणू हे सगळं पीक त्यांनीच काढलंय.

मास्तरांनी त्यांना हात धरून पुढं आणलं. "अक्का, नमस्कार करा." आत्यांनी नमस्कार केला आणि माईक नसतानाही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या सुनंनं शिकवलं." मला तेव्हा व्हायोलिन कुठं ठेवावं तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघायच्या गडबडीत होते. दारात गल्लीतल्या बायका उभ्या होत्या, त्यांतल्या दोघी तर माझ्या आईच्या वयाच्या.

"आम्हालाबी शिकायचंय," त्यांतली एक म्हणाली. "नाव कुणाकडं सांगायचं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या आतून आल्या. ओल्या हातांनी त्यांनी एकेकीचा हात धरून बोटं उलटीपालटी करून बघितली.

"रविवारी सकाळी शाळंत या," त्या म्हणाल्या. "आन् येताना नखं कापून या."