दोन साडू आणि एक निरंक

साडू हे नातं ज्यानं शोधून काढलं त्याला स्वतःला साडू नसणार. रक्ताचा संबंध नाही, मैत्रीची सक्ती नाही. दोन पुरुषांनी एकाच घरातल्या दोन बहिणींशी लग्न केलं, एवढ्याच गुन्ह्यासाठी जन्मभर एका तराजूच्या दोन पारड्यांत बसून राहायचं, आणि तराजू सासूबाईंच्या हातात.

खांबेकाका थोरले साडू. खांबे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नगरपालिकेच्या दिवाबत्ती विभागात ते शिडी धरायला म्हणून लागले, मग शिडीवर चढले, गुडघे कुरकुरायला लागल्यावर खाली उतरून खुर्चीत बसले आणि सव्वीस वर्षांत विभागाचे प्रमुख झाले. विभागात प्रमुखांसकट तीन माणसं होती. गावातल्या कुठल्याही खांबाचा नंबर त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यायचा, म्हणून हे नाव. असलं ज्ञान फार थोड्यांकडे असतं आणि ज्यांच्याकडे असतं त्यांना ते कोणी विचारत नाही.

धाकटे साडू पोलिसात फौजदार. उंच, पोट नाही, आवाज असा की नुसतं ‘बसा’ म्हणाले तरी माणूस दोनदा बसेल. शिवाय स्वभावानं चांगले, आणि खांबेकाकांची खरी अडचण इथेच होती. साडू उर्मट असता, लाचखाऊ असता, निदान घोरत तरी असता, तर जळायला काही आधार मिळाला असता. हा माणूस भेटला की उठून आपली खुर्ची द्यायचा आणि म्हणायचा, ‘साडूभाऊ, गुडघे कसे आहेत?’ म्हणजे जळायचं ते जळायचं, वर कृतघ्नपणाही आपल्याच माथी.

सासरेबुवांच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर एक खिळा होता. त्या खिळ्याला अकरा वर्षं नगरपालिकेचं कॅलेंडर असायचं. दर वर्षी खांबेकाका स्वतः नेऊन टांगायचे. दोन महिन्यांपूर्वी तिथे फौजदारांचा वर्तमानपत्रातला फोटो चौकटीत बसून आला. कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं, सिलिंडरच्या मागे, जिथे तारीख बघायला ओणवं व्हावं लागतं.

“वाईट नका वाटून घेऊ हं, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “इथे मला तारीख जवळून दिसते.”

हा फोटो ज्या पराक्रमाबद्दल छापून आला होता तो भिंतीच्या गल्लीतला. बस थांब्यापासून वसाहतीपर्यंतची ही सरळ वाट. एका अंगाला जुन्या गोदामाची लांबच लांब भिंत, दुसऱ्या अंगाला नाला, मध्ये खांब क्रमांक एकतीस ते चव्वेचाळीस. तिथे पर्सा हिसकावल्या जायच्या, बायकांच्या मागे टोळकी लागायची. म्हणून नगरपालिका, पोलीस, शाळा, दवाखाना आणि व्यापारी संघ यांची मिळून एक ‘सुरक्षित परिसर समिती’ निघाली. महिन्यातून एक बैठक, आणि प्रत्येक खात्यानं एक तक्ता भरून आणायचा : किती तक्रारी आल्या, काय केलं. पोलिसांतर्फे फौजदार, दिवाबत्तीतर्फे खांबेकाका. जो तराजू आजवर फक्त सासुरवाडीला होता तो आता कार्यालयातही आला.

फौजदारांनी गल्लीत गस्त लावली. लगेच त्यांच्या तक्त्यात गल्लीच्या नावापुढे एकच शब्द येऊ लागला : निरंक.

निरंक हा सरकारी भाषेतला सगळ्यात सुखी शब्द आहे. काही घडलं नाही, कोणी आलं नाही, कोणी ओरडलं नाही, आता मला डबा खाऊ द्या, एवढं सगळं त्यात बसतं. ओळीनं पाच महिने निरंक आल्यावर मुख्याधिकारी मॅडमनी चष्मा काढला. त्या चष्मा फक्त कौतुकासाठी काढत.

“हा आपला नमुना,” त्या म्हणाल्या. “गल्लीच्या तोंडाशी ‘आदर्श गल्ली’ असा फलक लावू. पुढच्या महिन्यात कार्यक्रम, फौजदारसाहेबांचा सत्कार. आणि तो झाला की तिथली गस्त बाजाराकडे वळवा. तिथे जास्त गरज आहे.”

“घरच्या मंडळींनाही बोलवा, पहिल्या रांगेत,” व्यापारी संघाचे अध्यक्ष म्हणाले.

खांबेकाकांना पहिली रांग तिथल्या तिथे दिसली. कडक इस्त्रीत सासरेबुवा, शेजारी सासूबाई, आणि व्यासपीठामागे वायरचं भेंडोळं सांभाळत उभे स्वतः खांबेकाका. वास्तविक त्यांच्याही तक्त्यात त्या गल्लीपुढे पाच महिने निरंकच होतं. दिव्यांच्या तक्रारी : निरंक. पण एका निरंकला हार आणि दुसऱ्याला शिडी, असा जगाचा रिवाज.

“काका,” पाणीपुरवठ्याचा कारकून बाहेर पडताना म्हणाला, “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का हो?”

त्या दिवसापासून खांबेकाकांना चोर हवा झाला. मोठा नको. एखादी छोटीशी पर्स, तीही रिकामी, मालकिणीला खरचटूही नये. फक्त गुन्हा नोंदवता येईल एवढी. आपण कुठल्या थराला चाललोय हे त्यांना समजत होतं. पण माणूस उतरायला लागला की थर मोजत नाही.

बुधवारी सहा वाजता ते बॅटरी घेऊन गल्लीत गेले. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडलेला. खांब एकतीस ते पस्तीस व्यवस्थित. छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस : काळेकुट्ट. चाळीसपासून पुन्हा उजेड. ते सदतीसला टेकून उभे राहिले. साडेसहाला शिवणकामाचा कारखाना सुटतो. दोनशे बाया, बहुतेक वसाहतीतल्याच. चोराला यायचं तर मुहूर्त हाच.

साडेसहा झाले. पावणेसात झाले. एक कुत्रं आलं, ‘तुम्ही इथे कसे?’ अशा नजरेनं बघून गेलं. गस्तीची मोटारसायकल आली. “सगळं शांत, काका!” शिपाई ओरडला आणि भुर्रकन निघून गेला. साडेसात वाजले तेव्हा खांबेकाकांच्या ध्यानात आलं की चोराचं राहू दे, इथे माणूसच फिरकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्याच्या फाटकाशी जाऊन थांबले. बाया बाहेर पडल्या आणि सगळ्याच्या सगळ्या मोठ्या रस्त्याला वळल्या. त्यांनी शेवटून चालणाऱ्या एका शिवणकामवालीला गाठलं.

“मावशी, गल्लीनं का नाही जात? दहा मिनिटांत घरी पोचाल.”

“तुम्ही जाता?”

“मी कालच गेलो होतो.”

“मग तुमचं नशीब दांडगं,” ती चालता चालताच म्हणाली. “आम्ही सहा महिने झाले, सोडली ती वाट. इकडून अर्धा तास जास्त लागतो, पण पोचतो.”

“अहो, आता पोलीस असतात तिथे.”

“पोलीस फटफटीवर असतात. ती पुढे गेली की मागे कोण?”

“मग तक्रार करायची!”

“केली की. दोनदा केली, चार दिवे बंद आहेत म्हणून. एका काकांनी लिहूनसुद्धा घेतलं, लाल शाईनं. काही झालं नाही, मग जाणंच सोडलं. जिथे जातच नाही तिथल्या दिव्याची तक्रार कशाला करायची, सांगा?”

गावात लाल शाईनं लिहून घेणारा एकच माणूस होता.

खांबेकाकांनी कार्यालयात येऊन रजिस्टर उघडलं. दोन्ही नोंदी होत्या, मोत्यासारख्या अक्षरात, आणि दोन्हींपुढे एकच शेरा : ‘पाहणी केली. दिवे जागेवर.’ या शेऱ्याचा अर्थ सांगायला हवा. विभागाचा वायरमन पाहणीला सकाळी अकराला जायचा. सकाळी अकराला गावातला कुठलाच दिवा लागलेला नसतो, तेव्हा दिवा लागतो का हे कळायला मार्ग नाही. पण दिवा आहे की कोणी काढून नेलाय, हे मात्र लख्ख दिसतं. आहे? आहे. मग ‘जागेवर’. ही पद्धत खांबेकाकांच्याही आधीपासून चालत आली होती आणि तिच्यात कोणालाही कधी शुद्धलेखनाची चूक सापडली नव्हती.

आता सगळं उलगडलं. गल्लीत माणूस नाही म्हणून लुबाडायला कोणी नाही. माणूस नाही म्हणून दिव्याची बोंब मारायलाही कोणी नाही. साडूचं निरंक आणि आपलं निरंक एकमेकांच्या गळ्यात हात घालून उभी होती. एकाला ढकललं की दुसरं पडणार.

“तोंड का असं?” घरी बायकोनं विचारलं. “त्यांना बढतीबिढती मिळाली की काय?” त्यांच्या घरात ‘ते’ म्हणजे कोण हे सांगावं लागत नसे.

“नाही. तू आईकडे भिंतीच्या गल्लीनंच जातेस ना?”

“मी? वेड लागलंय मला?”

“कधीपासून नाही जात?”

“झाले की पाचसहा महिने.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“तुमच्याच खात्याचे दिवे, तुम्हालाच सांगू? न्हाणीघरातल्या बल्बचं सांगितलं तेव्हा ‘बघतो’ म्हणालात. अजून मेणबत्ती लावून आंघोळ चाललीय.” ती हात पुसत समोर बसली. “आणि आत्ता तुमच्या पोटात दुखतंय ना, ते गल्लीसाठी नाही दुखत. मला माहितीये कुणासाठी दुखतंय.”

ज्या बाईला आपलं पोट नेमकं कुठे दुखतं हे कळतं तिच्याशी वाद घालू नये. खांबेकाका न्हाणीघरात गेले आणि त्यांनी बल्ब बदलला.

मग तीन दिवस ते एक टिपण लिहीत बसले. त्यात साडूचं निरंक पडावं आणि आपलं टिकावं, असा बेत होता. पण दिव्याचा उल्लेख न करता अंधार कसा सांगायचा, हे त्यांना काही केल्या जमेना. चौथ्या दिवशी बैठक. गप्प बसलो तर गस्त निघणार, फलक लागणार, साडूच्या गळ्यात हार पडणार. बोललो तर आपल्या गळ्यात काय पडेल ते सांगायला नको. खरं सांगायचं तर या सगळ्यांत त्यांना हारच जास्त टोचत होता.

“मॅडम,” ते उठले, “ती गल्ली सुरक्षित नाही. रिकामी आहे.”

फौजदारांनी मान वळवली. “साडूभाऊ, माझे आकडे चुकलेत का?”

“नाही. तुमचे बरोबर आहेत. माझेही बरोबर आहेत. गल्लीत माणूसच निरंक आहे.” आणि त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं, लाल शाईचं पान वर.

मॅडमनी चष्मा चढवला. “‘दिवे जागेवर’ म्हणजे काय हो?”

खांबेकाकांनी ते सांगितलं. सांगायला दोन मिनिटं लागली आणि ती त्यांच्या नोकरीतली सगळ्यात लांब दोन मिनिटं होती. दवाखान्याच्या सिस्टरना हसू आवरेना, त्यांनी रुमाल काढला. तेवढ्यात फौजदार उभे राहिले.

“चूक माझी आहे,” ते त्या आवाजात म्हणाले. “मी गस्तीच्या फेऱ्या मोजल्या, माणसं नाही मोजली. मला सत्कार नको. गस्त काढू नका, उलट शिपायाला फटफटीवरून उतरवून साडेसहाला पायी चालवतो.”

टाळ्या पडल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकांचे डोळे पाणावले. खांबेकाका बघतच राहिले. चोर आपण शोधायला गेलो, अंधार आपण शोधून काढला, अब्रूही आपलीच गेली; आणि टाळ्या त्याला.

“तक्त्यात एक रकाना वाढवा,” खांबेकाका हट्टानं म्हणाले. “‘ये-जा’ म्हणून. साडेसहा ते साडेसात किती माणसं गेली. तो रकाना भरल्याशिवाय कोणीच निरंक लिहायचं नाही.”

ते कोणाला नीट ऐकू गेलं नाही. फौजदारांनी मोठ्यानं पुन्हा सांगितलं आणि वर म्हणाले, “ही साडूभाऊंची सूचना आहे हं.” सगळ्यांना वाटलं, केवढा हा विनय!

इतिवृत्तात सूचना फौजदारांच्या नावावर गेली. खांबेकाकांकडून लेखी खुलासा मागितला गेला. ‘आदर्श गल्ली’चा फलक रंगवून तयार होता, तो भांडारात ठेवला आणि भांडारपालानं वहीत लिहिलं, ‘फलक जागेवर.’

चारही दिवे त्याच आठवड्यात लागले. पाहणी आता संध्याकाळी व्हायची आणि ती खांबेकाका स्वतः करायचे. व्यापारी संघानं गोदामाच्या भिंतीला पांढरा रंग दिला, कारखान्यानं फाटकाशी सूचना लावली. साडेसहाला खांबेकाका सदतीसखाली वही घेऊन उभे राहायचे. पहिल्या दिवशी ये-जा चार. त्यातला एक शिपाई, एक स्वतः फौजदार. आठवड्यानं एकोणीस. महिनाअखेर एकशे बारा.

आणि एका सकाळी ती शिवणकामवाली त्यांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. “अडतीस नंबरचा दिवा लुकलुकतोय.”

सहा-सात महिन्यांनी त्या गल्लीतली तक्रार. खांबेकाकांनी पेनाचं टोपण असं काढलं जसं काही दागिन्याची डबी उघडतायत. “बसा, बसा मावशी. किती वाजता पाहिलात? इथे यायचं कोणी सुचवलं?”

“फौजदारसाहेबांनी. म्हणाले, माझे साडू आहेत, चांगला माणूस, लगेच लिहून घेतील. फक्त ‘जागेवर’ लिहू देऊ नका.”

त्या रविवारी सासुरवाडीच्या खिळ्यावर नवा फोटो होता. उजळलेल्या गल्लीत फौजदार, मागे घोळक्यानं घरी निघालेल्या बाया, आणि अगदी कडेला खांब क्रमांक अडतीस. खांबाच्या मागून एक कोपर आणि शिडीचं टोक तेवढं दिसत होतं. फौजदारांनी उठून खुर्ची दिली. खांबेकाका बसले नाहीत, फोटोसमोर उभे राहिले.

“हा कोण मध्येच?” सासरेबुवांनी कोपरावर बोट ठेवलं.

“खांबाचाच भाग असेल,” सासूबाई म्हणाल्या. “पण दिवा काय सुरेख आलाय हो, जावईबापू!”

खांबेकाकांनी एकदा साडूकडे पाहिलं, एकदा कोपराकडे.

“हो,” ते म्हणाले. “जागेवर आहे.”