गेंडिणीला भीती शिकवली ती

साल २०२३. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन बघणाऱ्यांनी पुढे जावं. इकडे आखातात, फुजैऱ्याच्या रस्त्यावर, डोंगर लागतात त्याच्या अलीकडे, एका मालकाची खाजगी प्राण्यांची बाग आहे. तिथे गेंड्यांचं चारापाणी माझ्याकडे. आधी उंट सांभाळले, मग हे. जनावर ते जनावर.

एक गेंडीण तिथेच जन्मलेली. तिच्या आईला दूध आलं नाही, म्हणून बाटली मी धरली. तिला मी बाय म्हणायचो. लोक गेंड्याची कातडी म्हणतात ना, तीच कातडी कानामागे बोट फिरवलं की शहारायची. 'ये गं बाय' म्हटलं की लांबून धूळ उडवत यायची. पाहुणे मोबाइल काढायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग ठरलं, तिला आफ्रिकेत पाठवायचं. शिंगासाठी मारून मारून तिकडच्या रानात गेंडे थोडे उरलेत. ही तिथे मोकळी सुटेल, पिल्लं होतील. सांगायला आमची डॉक्टरीण आली. आईबाप ठाण्याचे, पोर शारजात वाढलेली. मराठी अडखळत, इंग्रजी भरभर. म्हणाली, आजपासून हाक नाही, हाताने भरवणं नाही, चारा भिंतीमागून टाकायचा. गोळी घालणाराही माणूसच असतो, आणि ही त्याच्याकडे चालत जाईल.

मी म्हटलं, मी काय शिंग कापायला उभा आहे इथे?

"काका, तिला काय माहीत? यू आर द प्रॉब्लेम."

तीस वर्षं या वाळूत काढली, असं कुणी तोंडावर बोललं नव्हतं. मी ऐकलं नाही. आत जाऊन हातानेच लसूणघास भरवत राहिलो. मलबारी मॅनेजर दोनदा हिंदीत समजावून गेला. त्याला म्हटलं, बघू. माझं बघू म्हणजे नाही, हे तोही जाणून होता.

एका दुपारी कुंपणाच्या वेल्डिंगला नवा पठाण आला. खांद्यावर लोखंडी पाइप. मी सावलीत टेकलो होतो. बाय चिखलातून उठली, सरळ त्याच्यापाशी गेली आणि तारेला कान लावून उभी राहिली. जन्मात न पाहिलेला माणूस. तो आधी दचकला, मग हसला. एका हातात पाइप तसाच धरून दुसऱ्या हाताने तिला खाजवू लागला. तिने डोळे मिटले.

"हबीबी, ये तो बकरी है," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

पाइपचं तोंड तिच्या डोळ्यापासून वीतभर होतं. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी मीच डॉक्टरणीकडे गेलो. मी चुकलो असं म्हटलं नाही, तेवढं माझ्याने झालं नसतं. आता काय करायचं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, दिवस थोडे आहेत, नुसतं गप्प राहून भागायचं नाही. तिला माणसापासून पळायला शिकवावं लागेल. तुम्ही रजा घ्या, दुसरा कुणी करेल.

मी म्हटलं, दुसऱ्याला भिऊन ती माझ्यामागे येऊन लपेल. मग शिकली काय?

ती हळूच म्हणाली, "काका, नक्की?"

"दोनदा विचारू नकोस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच डिझेलचं रिकामं पिंप कुंपणापाशी लोटत नेलं. हाक मारली नव्हती तरी ती आली, नेहमीसारखी कान पुढे करून. मी पहार उचलली आणि पिंपावर हाणली. ती मागे सरकली, थांबली, आणि परत माझ्याकडेच यायला लागली. मी पुन्हा हाणली.