नानांनी न घेतलेला ओटीपी

३१ जुलै. काम एकच होतं, संध्याकाळच्या आत रिटर्न भरून मोकळं होणं. माझे नेहमीचे करसल्लागार आजारी होते, म्हणून पिंप्राळ्यातल्या एका म्हाताऱ्या सल्लागारांकडे गेले. सगळे त्यांना नाना म्हणत; नाव मी विचारलं नाही. त्यांच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्याने गळ्यात लटकत होता.

"नाना, ताईत बांधला का?" रांगेतला एक दुकानदार म्हणाला.

"ताईतच शे. कोनाले देत नही."

माझा फॉर्म भरून झाला. मोबाइलवर ओटीपी आला, तो मी सवयीने मोठ्याने वाचायला लागले. नानांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

"थांबा, अक्का. हा आकडा म्हणजे तुमची सही. आधी सगळं वाचा, मग स्वतः टाका."

"बाहेर दहा माणसं खोळंबलीत."

"खोळंबू द्या. चूक निघाली तर नोटीस त्यांना नाही येणार."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. वाचताना लक्षात आलं, वरच्या खोलीचं भाडं मी सांगितलंच नव्हतं. नानांनी न कुरकुरता ते भरलं. नवा ओटीपी मी टाकेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी थक्क झाले. बारा वर्षं मुख्याध्यापिका आहे, पण दुसऱ्याच्या सहीचा इतका मान राखणारा माणूस पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेल्या गेल्या, लिपिकाच्या सोयीसाठी मी सह्या करून ठेवलेले कोरे दाखले कपाटातून काढले आणि त्याच्यासमोर फाडले.

"आता मॅडम, दर वेळी तुमच्याकडे येऊ?"

"दर वेळी," मी म्हणाले.