हॉकीच्या काठीला होडीचं तेल

मला त्या ड्रिल मास्तरचा अजून राग येतो. माणूस जाऊन कैक वर्षं झाली, आता तरी सोड, असं घरचे म्हणतात. नाही सोडत, जा!

मॅट्रिकच्या आदल्या वर्षी हा माणूस देशावरून आमच्या रत्नागिरीच्या शाळेत आला. पलटणीत हॉकी खेळलेला. मे महिन्याच्या सुट्टीत त्यानं निवडक मुलांसाठी हॉकीचा वर्ग काढला. रोज सकाळी कातळावरच्या मैदानात जमायचं आणि चेंडू अडवायला, ढकलायला, वळवायला शिकायचं. वर्ग संपला की अकराजण निवडून आगबोटीनं मुंबईला सामन्यांना न्यायचे होते. मला त्या अकरांत जायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

आता कातळावर चेंडू सरळ जातो होय? खड्याला लागला की थेट तोंडावर उडायचा. पण मास्तरला ते सांगणार कोण? चेंडू निसटला की हा आमच्याच हातातली काठी हिसकावायचा, वाकड्या टोकाकडून उलटी धरायचा आणि मुठीच्या बाजूनं पोटऱ्यांवर सपकन ओढायचा. माझ्यावर तर खास मेहेरबानी. मी मच्छीमाराच्या घरातला ना! "वल्हं मारतोस काय रे?" म्हणायचा, आणि बाकीची पोरं खिदळायची. त्यांचाही राग येतो, पण थोडा कमी.

एका शनिवारी त्यानं शाळेच्या काठ्या आम्हाला घरी न्यायला दिल्या. "सोमवारी तेल पाजून आणा. पावसाळ्यात लाकूड फुगता कामा नये," एवढंच म्हणाला. कसलं तेल, ते नाही सांगितलं. त्याच्या मुलखात जवसाचं असेल. आमच्या घरात लाकडाचं तेल म्हणजे एकच, काजूच्या टरफलांचं, काळं आणि दाट. पावसाआधी होड्या वर ओढून घेतल्या की त्यांना तेच चोपडतात. अंगाला लागलं तर कातडी भाजून फोड येतात, म्हणून हाताला खोबरेल लावायचं आणि लांब काठीला चिंधी बांधून काम करायचं.

"होडीला लावतो ताच लाव," बाबा म्हणाला. "दहा पावसाळं पानी आत जायाचं नाय."

मी मूठ तेवढी कोरडी ठेवली आणि खालच्या वाकड्या भागावर चांगले तीन हात दिले. तिथे हात लावतोय कोण? मास्तर लावतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आईशप्पथ नाही आलं.

सोमवारी माझी काठी काळी कुळकुळीत, सगळ्यांत देखणी. तिसऱ्याच चेंडूला चुकलो. मास्तरनं काठी हिसकावली, उलटी धरली, दोन ओढल्या. संध्याकाळपर्यंत त्याचा तळहात पुरीसारखा फुगला, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग बंद.

हेडमास्तरांनी मला आणि बाबाला बोलावून घेतलं. मास्तर हाताला पट्टी बांधून बसला होता. हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, "चुकून झालं असेल तर तसं सांग, विषय संपला. मुंबईच्या यादीत तुझं नाव आहे."

नाव होतं! मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. तोंड उघडणार, एवढ्यात मास्तर फिस्कारला, "चूक कसली? या लोकांची जातच तसली. मासे मारायचे सोडून शाळेत कशाला तडमडतात?"

आणि माझा बाबा, वादळातसुद्धा कुणापुढे हात न जोडलेला माणूस, डोक्यावरची टोपी काढून त्याच्या पायाशी वाकला. "पोरगा चुकला, सायब. पदरात घ्या."

"मी मुद्दाम लावलं," मी म्हणालो.

हेडमास्तरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग यादी पुढे ओढली आणि माझ्या नावावर रेघ मारली.

बाहेर पडल्यावर बाबा मला घेऊन बाजारापर्यंत आला. मग म्हणाला, "खरंच मुद्दाम लावलंस?"

"नाय."

"मग तसां का नाय सांगितलंस?"

"तू वाकलास म्हणून."

त्यानं माझ्या कानफटात एक ठेवून दिली. आणि मग आमची वाडी येईपर्यंत माझा हात काही सोडला नाही.